चाचणी, हजेरी आणि सण-उपास: महाविद्यालयात धार्मिक सवलतीची पद्धत कशी बसवायची

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी साडेचारला एखादी मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहते. "सर, उद्या आमची संवत्सरी आहे." (संवत्सरी म्हणजे जैनांच्या पर्युषण पर्वाचा शेवटचा दिवस.) सर म्हणतात, "आधी का नाही सांगितलंस?" आधी म्हणजे कधी, सांगायचं कुणाला आणि कोणत्या कागदावर, हे महाविद्यालयाने तिला कधीच कळवलेलं नसतं. मग जो निर्णय होतो तो सरांच्या त्या दिवसाच्या मूडवर होतो. एका वर्गात परवानगी मिळते आणि शेजारच्या वर्गात नाही, की लगेच "त्यांनाच का?" सुरू होतं.

मी बरीच वर्षं परीक्षा समितीत काम केलं आणि या चुका स्वतःही केल्या. २०२४च्या मार्चमध्ये दुसऱ्या वर्षाच्या फिजिक्स प्रॅक्टिकलची शेवटची बॅच मी साडेचार ते साडेसात लावली होती. रमजान चालू होता. पावणेसातच्या सुमाराला स्पेक्ट्रोमीटरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एका मुलाने पाठ वळवून तोंडात काहीतरी टाकलं. गुटखा असेल असं वाटून मी जवळ गेलो. त्याच्या तळहातावर खजुराची बी होती आणि ती तो ग्राफपेपरच्या कपट्यात गुंडाळत होता. "सॉरी सर, रीडिंग घेतो लगेच," म्हणाला. पहाटेपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता आणि माफी तोच मागत होता. त्याला सकाळच्या बॅचमध्ये घालायला मला यादीतलं एक नाव खोडून वर लिहावं लागलं असतं, एवढंच.

पुढची पद्धत प्राध्यापक, परीक्षा समन्वयक, रेक्टर आणि ऑफिसमधल्या मंडळींसाठी लिहिली आहे. शेवटचा भाग विद्यार्थ्यांसाठी आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे अर्जापासून सुरुवात होते आणि तिथेच सगळं फसतं.

## सुरू करण्याआधी: तुमच्या हातात काय आहे?

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेची तारीख महाविद्यालय बदलू शकत नाही. विद्यार्थ्याला खोटी आशा लावू नका. अंतर्गत चाचण्या, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, व्हायवा, सादरीकरणं, प्रोजेक्ट जमा करण्याच्या तारखा, हजेरीची नोंद आणि मेसच्या वेळा मात्र तुमच्याच हातात असतात. स्वायत्त महाविद्यालयात तर जवळजवळ सगळंच.

कायद्याची बाजूही जवळ असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१२च्या समता नियमावलीत धर्माच्या आधारावर भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. संविधानाच्या कलम २८ (३) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. हे कलम उलट बाजूनेही लक्षात ठेवायचं. महाविद्यालयातल्या सत्यनारायणाला किंवा सरस्वतीपूजनाला वर्ग सोडून सगळ्यांना रांगेत बसवणं आणि तिथे हजेरी घेणं चूक आहे. सवलतीचा विचार तिथूनच सुरू करा.

## टप्पा १: कॅलेंडर, सत्र सुरू होण्याआधी

तीन कागद टेबलावर घ्या: शासनाची सुट्ट्यांची यादी, विद्यापीठाचं वेळापत्रक आणि एक चांगलं पंचांग किंवा सर्वधर्मीय दिनदर्शिका. फक्त पहिल्या कागदावर काम भागवणं ही सगळ्यात मोठी चूक.

कारण सुट्टीचा दिवस आणि पाळण्याचा दिवस एकच असतो असं नाही. २०२५ मध्ये ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. मुंबई शहर आणि उपनगरात शासनाने ईदची सुट्टी ८ सप्टेंबरला नेली, बाकी जिल्ह्यांत ती ५ तारखेलाच राहिली. २०२३ आणि २०२४ मध्येही असंच झालं होतं. मुंबईतल्या कुणी "८ला सुट्टी आहे, मग ५ला चाचणी घेऊ" असं ठरवलं असेल, तर ते यादीप्रमाणे बरोबर आणि प्रत्यक्षात चूक.

दुसरी चूक गेल्या वर्षीचं शैक्षणिक कॅलेंडर उचलून नुसतं साल बदलण्याची. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. पर्युषण तिच्याच आगेमागे येतं, त्यामुळे तेही सरकतं. आषाढी २०२५ मध्ये ६ जुलैला होती, २०२६ मध्ये २५ जुलैला. म्हणजे पालख्यांबरोबर चालणाऱ्या मुलांची गैरहजेरी २०२६ मध्ये ऐन वर्ग सुरू झाल्यावर पडणार. इस्लामी वर्षाला तर अधिक महिनाच नाही, ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येतं. सध्या रमजान सम सत्राच्या चाचण्यांवर येतो. २०३० मध्ये तो जानेवारीत येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल.

तिसरी गोष्ट प्रवासाची. ६ डिसेंबर ही तारीख ठरलेली असते, पण विदर्भ-मराठवाड्यातून चैत्यभूमीला जाणारा विद्यार्थी ५ तारखेलाच निघतो आणि परतीच्या गर्दीतून ७ला सकाळी उतरतो. ७ तारखेला सकाळी आठची व्हायवा ठेवली तर ६ची सुट्टी दिल्याचा उपयोग नाही. दीक्षाभूमीच्या बाबतीत दोन तारखा मांडा. १४ ऑक्टोबर आहेच, पण बरेच जण अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला जातात आणि दसऱ्याची तारीख फिरती. कोकणातली मुलं गणपतीला गेली की गौरी-विसर्जनाआधी परतत नाहीत. हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत असतं, तरी पाचव्या दिवशी चाचणी लागतेच.

चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सणांसाठी दोन्ही संभाव्य दिवस मोकळे ठेवा. ईद उद्या की परवा हे आदल्या संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

तपासणी: कॅलेंडर मंजूर करण्याआधी वेगवेगळ्या समाजांतल्या चार-पाच विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना ते दाखवा. आमच्याकडे एका प्रयोगशाळा सहायकाने दहा मिनिटांत दोन अडचणी काढून दिल्या होत्या. त्या समितीतल्या नऊ प्राध्यापकांना दिसल्या नव्हत्या.

## टप्पा २: घड्याळ

तारीख सांभाळली तरी वेळ चुकते. सर्वाधिक त्रास इथे होतो आणि सर्वात स्वस्त उपायही इथेच आहे.

शुक्रवारी दुपारी साधारण साडेबारा ते दोन या वेळात जुम्म्याची नमाज असते. अकरा ते दोन असा पेपर लावण्याऐवजी दहा ते बारा किंवा अडीचनंतर लावा. शुक्रवार चुकवता येत नसेल तर बॅच बदला.

रमजानमध्ये चाचण्या आणि प्रॅक्टिकल शक्यतो सकाळी ठेवा. दुपारी चारनंतर डोकं आणि हात दोन्ही मंद होतात. संध्याकाळचं कॉलेज असेल तर सूर्यास्ताला पंधरा मिनिटांची मोकळीक सगळ्या वर्गाला द्या. इतरांचा चहा होतो आणि रोजा सोडणाऱ्याला वेगळं उठून जावं लागत नाही.

जैन विद्यार्थ्यांपैकी बरेच जण सूर्यास्तानंतर खात नाहीत, काही जण पाणीही घेत नाहीत. पर्युषणात कुणी अठ्ठाई करत असेल तर आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. अशा मुलीला आठव्या दिवशी तीन तास उभं राहायला लावणारं प्रॅक्टिकल देऊ नका. आणि एक लक्षात असू द्या: श्वेतांबरांचे आठ दिवस संपतात त्या सुमाराला दिगंबरांचे दशलक्षणाचे दहा दिवस सुरू होतात. "तुमचं पर्युषण तर संपलं ना?" असं म्हणण्याआधी विचारून घ्या.

शनिवारच्या चाचण्या आपल्याकडे सर्रास होतात. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या आणि ज्यू विद्यार्थ्यांचा साबाथ, म्हणजे काम न करण्याचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत असतो. संख्या थोडी असल्याने त्यांची अडचण कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि ती दर आठवड्याला येते.

## टप्पा ३: अर्ज

सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्या विद्यार्थ्यांना एकच अर्ज द्या. "ज्यांना धार्मिक अडचण आहे त्यांनी ऑफिसातून घ्यावा" असं नको. तो अर्ज मागायला खिडकीवर उभं राहणं हेच अनेकांना जड जातं. एका पानावर एवढेच प्रश्न पुरतात:

१. या सत्रात कोणत्या तारखा किंवा दिवसातल्या कोणत्या वेळा तुम्हाला अडचणीच्या आहेत?
२. त्या वेळी कोणतं लेक्चर, प्रॅक्टिकल, चाचणी किंवा सादरीकरण आहे?
३. कोणता बदल केला तर चालेल: दुसरी बॅच, दुसरी तारीख, की थोडा वेळ बाहेर जाण्याची मुभा?
४. प्रॅक्टिकल किंवा वर्कशॉपमध्ये पेहराव, अनवाणी राहणं किंवा उपास यामुळे सुरक्षेचा काही प्रश्न येईल का?

धर्माचा रकाना नको. मशिदीचं, देरासरचं (जैन मंदिराचं) किंवा चर्चचं पत्र मागू नका. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पालकांची सही आणायला लावू नका, कारण घरच्यांपेक्षा वेगळं पाळणारी मुलंही असतात. "तुमच्यात तर सगळेच करत नाहीत" हे वाक्य तर तोंडातून जाऊच देऊ नका. कुणाची श्रद्धा किती खरी, हे ठरवणं परीक्षा समितीचं काम नाही.

यावर हमखास आक्षेप येतो की मुलं खोटं सांगून सुट्ट्या उकळतील. पाचवा टप्पा नीट केला तर तसं करून हाती काही लागत नाही. तेवढाच कठीण पेपर तीन-चार दिवसांनी वेगळं बसून द्यायची हौस कुणाला असते?

सावधान: ही माहिती वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा सगळ्यांना उघडणाऱ्या शीटवर ठेवू नका. समन्वयक आणि संबंधित शिक्षक यांच्यापलीकडे ती जाता कामा नये.

## टप्पा ४: निर्णय

निर्णय एकाच ठरलेल्या व्यक्तीने घ्यावा, म्हणजे परीक्षा समन्वयकाने किंवा उपप्राचार्यांनी. प्रत्येक शिक्षकावर सोपवलं की पुन्हा मूडवर येऊन पडतं. अर्ज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत लेखी उत्तर द्या. दोन ओळींचा ईमेल पुरतो.

नियम सगळ्यांना एकच असावा. माझ्या मते सत्रात तीन पूर्ण दिवसांची मर्यादा व्यवहार्य आहे. वेळेतले बदल, म्हणजे बॅच बदलणं किंवा शुक्रवारची तासाभराची मोकळीक, त्यात मोजू नयेत. वारीसारख्या लांबच्या गोष्टीसाठी तीन दिवस पुरणार नाहीत. तिथे बुडलेली प्रॅक्टिकल्स आधीच कोणत्या बॅचबरोबर करायची हे लिहून द्या आणि बाकीची हजेरी विद्यार्थ्याच्या जबाबदारीवर ठेवा. हे त्याला निघण्याआधी कळलं पाहिजे.

नकार द्यायचा असेल तर कारण लिहा आणि दुसरा काय मार्ग आहे तेही लिहा. "बाहेरचा परीक्षक त्याच दिवशी येणार आहे, पण तुमचा क्रमांक सकाळी पहिला लावला आहे" हा चांगला नकार.

विद्यापीठाच्या परीक्षेची टक्कर दिसली तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र परीक्षा विभागाला तात्पुरतं वेळापत्रक लागताच पाठवा. हॉल तिकिटं निघाल्यावर त्या पत्राला काही अर्थ उरत नाही.

## टप्पा ५: बदली चाचणी

इथे चार चुका वारंवार होतात.

पहिली, बदली पेपर ऐनवेळी काढणं. मग तो एक तर फार सोपा होतो, नाही तर चिडून काढलेला. मूळ पेपर काढतानाच त्याच गुणविभागणीचा दुसरा संच काढा आणि पाकीट बंद करून ठेवा. आजारी पडलेल्यांनाही तोच उपयोगी पडतो.

दुसरी, "बाकीच्या दोन चाचण्यांची सरासरी लावू" असा शॉर्टकट. ज्याला कमी मिळतात तो अन्याय झाला म्हणतो, ज्याला जास्त मिळतात त्याच्याबद्दल इतर म्हणतात.

तिसरी, बदली तारीख पुन्हा उपासाच्या दिवसात किंवा दोन मोठ्या पेपरांच्या मध्ये टाकणं. सात दिवसांच्या आत, पण विद्यार्थ्याला विचारून तारीख ठरवा.

चौथी, भर वर्गात घोषणा: "ज्या मुस्लिम मुलांची चाचणी राहिली त्यांनी थांबा." वर्गातल्या साठ डोळ्यांच्या जोड्या वळतात. यादीतल्या प्रत्येकाला वैयक्तिक निरोप पाठवायला पाच मिनिटं लागतात. बदली चाचणीच्या सूचनेत फक्त आसन क्रमांक असावेत. आजारी, एनसीसीचे, क्रीडा स्पर्धेला गेलेले आणि धार्मिक कारणाने राहिलेले, सगळे एकाच खोलीत बसू द्या.

## टप्पा ६: हजेरी

हजर नसलेल्याला हजर दाखवू नका. ती खोटी नोंद आहे आणि पुढे तुमच्याच अंगाशी येते. रजिस्टरमध्ये "मंजूर अनुपस्थिती" असा वेगळा संकेत ठेवा. ७५ टक्क्यांचा हिशोब करताना ती कशी धरायची, हे तुमच्या विद्यापीठाचा हजेरीचा नियम काढून वाचा आणि प्राचार्यांकडून सत्राच्या सुरुवातीलाच लिहून घ्या.

तपासणी: डिफॉल्टरची, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी बोर्डावर लावण्याआधी मंजूर अर्जांशी ताडून पाहा. यादी क्लार्क काढतो, अर्ज समन्वयकाच्या फाइलमध्ये असतात, आणि दोघांची गाठ पडत नाही. परवानगी घेऊन गेलेल्या मुलाचं नाव बोर्डावर लागलं की पुढच्या वर्षी कुणीही अर्ज भरत नाही.

## टप्पा ७: परीक्षेचं दार आणि प्रयोगशाळा

ओळख पटवण्यासाठी चेहरा पाहायचा असेल तर महिला पर्यवेक्षक आणि आडोसा आधीच ठरवा. कडं, कृपाण, ताईत, डोक्यावरचं वस्त्र यांबद्दल दारावरच्या शिपायाने जागच्या जागी नियम बनवू नये. नीटसारख्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतही पारंपरिक पेहरावातल्या उमेदवारांना तपासणीसाठी लवकर यायला सांगतात. तुम्हीही हॉल तिकिटावर तशी एक ओळ छापा. पेहरावाचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या हिजाब, टोपी, बॅज यांवरील बंदीला सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ला अंतरिम स्थगिती दिली होती. परीक्षेच्या सकाळी नवं परिपत्रक काढण्याची ही जागा नाही.

सुरक्षेत मात्र सवलत नाही. नवरात्रात अनवाणी राहणारी मुलं-मुली दर वर्गात असतात. ॲसिड हाताळणाऱ्या किंवा लोखंडाचे कीस पडलेल्या खोलीत त्यांना तसं जाऊ देऊ नका. त्यांचं प्रॅक्टिकल नऊ दिवसांनंतरच्या बॅचमध्ये टाका, म्हणजे व्रतही मोडत नाही आणि पायही भाजत नाही. लेथवर सैल ओढणी आणि उघडं कडं दोन्ही धोक्याचं. ओढणी पिनने घट्ट आवळता येते, कड्यावर घट्ट मनगटपट्टी बसवता येते. तरीही मशीनपासून धोका वाटला तर ते काम निरीक्षण आणि नोंदीवर द्या. उपास असलेल्या विद्यार्थ्याला चक्कर आली तर काय करायचं हे प्रयोगशाळा सहायकाला माहीत हवं, आणि बसायला स्टूल हवं.

## टप्पा ८: वसतिगृह

रेक्टरशी एक बैठक पुरते. रमजानमध्ये सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या खाण्यासाठी, पहाटे साडेचारला मेस उघडणं जमत नसेल तर रात्रीच डबा बांधून द्या आणि पाणी गरम करायची सोय ठेवा. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांना दिवस मावळण्याआधी जेवून होईल अशा वेळी ताट मिळू द्या. मेस साडेसातला उघडते म्हणून वर्षभर चुरमुऱ्यांवर रात्र काढणारा एक मुलगा मी पाहिला आहे. बिनकांद्या-लसणाची, कंदमुळं नसलेली एक भाजी वेगळ्या पळीने वाढा. पळी एकच असेल तर वेगळी भाजी करूनही उपयोग नाही, आणि हे मेसवाल्याला स्वतः सांगावं लागतं.

## विद्यार्थ्यांसाठी

अर्ज छापलेला नसेल तरी थांबू नका, साध्या कागदावर द्या. वेळापत्रक लागल्यापासून आठवड्याच्या आत द्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि सर बदलले की तेही जातं. लांबलचक स्पष्टीकरण नको, धर्माची माहिती नको. तारीख, टक्कर आणि पर्याय एवढंच लिहा:

"मा. परीक्षा समन्वयक यांस, मी द्वितीय वर्ष बीकॉम, हजेरी क्रमांक ४२. दि. १५ रोजी सकाळी अकराला अकाउंट्सची अंतर्गत चाचणी आहे. त्या दिवशी धार्मिक कारणाने मला हजर राहता येणार नाही. दि. १७ किंवा १८ रोजी बदली चाचणी देण्यास मी तयार आहे. कृपया लेखी कळवावे, ही विनंती."

दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. तीन-चार दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच शिक्क्याच्या प्रतीसह मेंटॉरकडे जा, मग उपप्राचार्यांकडे. बदली तारीख मिळाली की त्या दिवशी दहा मिनिटं आधी पोहोचा. पेपरचं पाकीट ऑफिसातून काढून आणायला वेळ लागतो.